आईची जादा एकादशी

बारावीतली ताई बायोलॉजी मोठ्यानं वाचत होती. "अन्न मिळेनासं झालं की पेशी स्वतःचेच जुने, खराब भाग मोडून खाते. अन्न मिळालं की थांबते."

"म्हणजे आई, तुझ्या पेशी चकाचक!" मी तिसरी भाकरी मोडत हसलो. "आज परत एकादशी ना?"

"जेव गप," आई म्हणाली.

"आणि अन्न मिळालंच नाही तर?" मी ताईला विचारलं.

"मग चांगले भागपण खाते."

मी कॅलेंडर बघितलं. एकादशी गेल्या बुधवारीच झालेली. शाळेमागोमाग मी गॅरेजही सोडलं, मालकावर पाना फेकून. तेव्हापासूनचे हे उपास.

मान खाली घालून मी अर्धी भाकरी तिच्याकडे सरकवली.

"देवाचं असतं रे, मोडू नये," म्हणत तिनं ती परत माझ्याच ताटात ठेवली.