चार बोटं डावीकडे

शॉवरचा नळ चुकीच्या जागी बसवलाय, हे इन्शिराहला दारातूनच दिसलं.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून ती नुकतीच परतली होती. चाकांची खुर्ची न्हाणीघराच्या उंबऱ्याशी आणून तिने हात वर केला. खांद्यापर्यंत गेला आणि अडकला. अपघातापासून तो त्याच्या वर जातच नव्हता. नळाची दांडी आणखी दोन विती वर होती. भोवती पांढऱ्या टाइल्स, सांधे भरलेले, पुसून लख्ख केलेले.

"उस्ता बरकात, मी पेन्सिलीने खूण केली होती."

प्लंबर बरकात हत्यारं पिशवीत भरत होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या भावाकडे बघितलं.

"होती, अब्ला," थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला. "इंजिनियरसाहेब म्हणाले, वर घे."

"मीच सांगितलं," शौकी म्हणाला. "इतक्या खाली कुणी नळ बसवतं का? बालवाडीचं न्हाणीघर वाटलं असतं. पुढच्या महिन्यात माझ्या पोरीला, मिरीहानला बघायला माणसं येणारेत. आणि तुला काय फरक पडतो? नळ सोडायला नहला आहेच की!"

त्याची बायको नहला फडक्याने फरशी पुसत होती. तिचा हात थांबला, मान वर झाली नाही.

या नळासाठी इन्शिराह तांता शहराच्या बाजारातली सहा दुकानं हिंडली होती. प्रत्येक नळ तळहातावर तोलून बघायचा, हलका लागला की परत द्यायचा. भिंतीत कायमचा गाडला जाणारा भाग अस्सल पितळेचाच हवा होता. दांडी नुसत्या मुठीने ढकलता यायला हवी होती, आणि पाणी कितीही तापलं तरी अंग भाजायला नको होतं. एक दुकानदार तिला सोडून तिच्या टॅक्सीवाल्यालाच सगळं समजावत बसला, तेव्हा ती म्हणाली होती, "मला सांग. अंघोळ मी करणारेय, तो नाही."

"काय फरक पडतो?" तिचा आवाज चिरका झाला. "ऐक मग. जानेवारीत मला शॉवरखाली बसवून नहला फोन घ्यायला गेली. गॅसचा सिलिंडर संपला. पाणी बर्फासारखं झालं आणि मला नळ बंद करता येईना. वीस मिनिटं ओरडत होते मी. शेवटी दार कुणी उघडलं?"

शौकीने ग्लास खाली ठेवला.

"तू उघडलंस. सख्ख्या बहिणीला तसं बघितलंस. पुढचे आठ दिवस माझ्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही तुझी. आणि विचारतोस, फरक काय पडतो!"

"ते कशाला उकरून काढतेस?" त्याचा चेहरा लाल झाला होता. "आता टाइल्स लागल्यात. त्या रंगाच्या पुन्हा मिळणारही नाहीत. विषय संपला."

इन्शिराहने वाकून प्लंबरच्या पिशवीतला हातोडा उचलला. मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी चाकं रेटली आणि खुर्ची भिंतीला भिडवली.

पहिला घाव नुसताच उसळला. दुसऱ्याला टाइल तडकली. नळापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, म्हणून त्याच्या खालची भिंत ती फोडत होती. कपच्या मांडीवर पडत होत्या, अंगभर धूळ उडत होती, आणि प्रत्येक घावाला तिच्या तोंडून हुंकार निघत होता.

"वेडी झालीय ही! उस्ता, काढून घे तिच्या हातातला!"

बरकात आत आला. तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला. भिंतीकडे बघितलं आणि मग, त्या दिवसात पहिल्यांदाच, तिच्या चेहऱ्याकडे.

"अब्ला, तिथे नको," तो म्हणाला. "मागे गरम पाण्याचा पाइप आहे. चार बोटं डावीकडे मारा."

तिने चार बोटं डावीकडे मारलं.

हात गळून जाईपर्यंत ती मारत राहिली. मग बरकातने छिन्नी घेतली. दुसऱ्या दिवशी नहलाच्या आधाराने त्याने तिला अंघोळीच्या खुर्चीवर बसवून घेतलं, डोळे मिटून हात भिंतीवर टेकवायला सांगितला, आणि तळवा जिथे सहज पडला तिथेच नळ बसवला. पाणसळ लावून तीनदा तपासला. भिंत बंद करण्याआधी पाइपात दिवसभर पाणी दाबून ठेवलं. थेंबही गळला नाही. त्या पांढऱ्या टाइल्स खरंच मिळाल्या नाहीत. इन्शिराहने निळ्या लावायला सांगितल्या.

त्या पक्क्या सुकल्या त्या संध्याकाळी तिने न्हाणीघराची कडी आतून लावली. नहला बाहेर घुटमळत होती.

"अब्ला, काही हवंय का?"

"नकोय," आतून आवाज आला, आणि बराच वेळ नुसतं पाणी वाहत राहिलं.

शौकी चार दिवस तिच्याशी बोलला नाही. शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी तो अंघोळ करून बाहेर आला तो कंबर धरूनच.

"दर वेळी कमरेत वाकावं लागतं मला त्या नळासाठी!"

इन्शिराह ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. तिने वर बघितलं नाही.

"वाक," ती म्हणाली.