उत्तर येईपर्यंत

"सगळे तारे फिरले," घुमटातून सरांचा आवाज आला. "एकच जागचा हलला नाही. कोणता?"

आवाज थांबला. आकाशही फिरायचं थांबलं.

सर स्वतः पहिल्या रांगेत बसले होते, गळ्याभोवती मफलर गुंडाळून. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी घाईघाईने हा सगळा खेळ बोलून ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. आता त्यांचा आवाज तेवढ्यापुरताच उरला होता. काही सांगायचं झालं की ते मांडीवरच्या पाटीवर लिहीत.

एक खुर्ची सोडून तारांगणाचे संचालक बसले होते. सरांचा खेळ चालू ठेवायचा की बाहेरून तयार फिल्म मागवायची, ते आज ठरणार होतं. मागे कंट्रोलच्या टेबलाशी प्रोग्रॅमर बाई होती. एका शाळेची मुलं यायची होती, पण त्यांची सहल ऐनवेळी रद्द झाली. मुलांवाचून काय अडलंय, आपण तिघं बघू, असं संचालक म्हणाले होते.

तारे फिरवणाऱ्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात बाईने एक छोटा इंटरप्रिटर बसवून दिला होता. सरांनी साध्या ओळी लिहायच्या: दिवे मंद कर, उत्तरेकडे वळ, आवाज सुरू कर, थांब. इंटरप्रिटर त्या एकेक करून वाचणार आणि मोठ्या प्रोग्रॅमकडून तसं करवून घेणार. म्हणजे एवढ्या-तेवढ्या बदलासाठी सरांना तिची वाट बघायला नको.

सुरुवातीला 'थांब' आलं की सगळा प्रोग्रॅमच गोठायचा. ताऱ्यांचं लुकलुकणंसुद्धा बंद. असे बरेच 'थांब' होते. नजरचुकीने पडले असतील असं समजून बाईने ते काढून टाकले. दुसऱ्या दिवशी सरांनी ते सगळे पुन्हा घातले आणि पाटी तिच्यासमोर धरली.

'मुलं इथे विचार करतात.'

मग तिने 'थांब' नव्याने बसवलं. ओळी वाचणं थांबायचं, तारे मात्र लुकलुकत राहायचे. किती सेकंद थांबायचं, असं तिने विचारलं. सरांनी पाटीवर लिहिलं, 'उत्तर येईपर्यंत.'

इंटरप्रिटरला स्वतःचे कान नसतात. मोठा प्रोग्रॅम हाती देईल तेवढंच त्याचं जग. म्हणून बाईने घुमटाखाली एक माइक लावला, 'ध्रुव' एवढा एकच शब्द ओळखायला त्याला शिकवलं आणि तो कान इंटरप्रिटरच्या हवाली केला. सरांनी अट घातली होती: उत्तर समोरच्यांनी द्यायचं, आपण नाही. आणि आकाश उत्तरासाठी थांबलंय हे आधी कुणाला सांगायचंही नाही.

तारे लुकलुकत होते. संचालकांनी थोडा वेळ वर बघितलं, मग खुर्चीत चुळबुळ केली, मग फोन काढला.

"अडकलं वाटतं," ते म्हणाले. "आमचं आकाशही सरकारी निघालं. ढिम्म हलत नाही."

बाईचं बोट एका बटणावर गेलं. ते दाबलं असतं तर खेळ पुढे सरकला असता. सरांना हे कसं कळलं कोण जाणे. मागे न वळता त्यांनी पंजा वर केला. ती थांबली. मग तोच हात त्यांनी लांब केला आणि एक बोट उत्तरेच्या त्या ताऱ्याकडे धरलं. वर्गातल्या मागे पडणाऱ्या मुलाला हळूच मदत करावी, तसं.

संचालकांचं तोंड फोनच्या उजेडात होतं.

"सर, तुमची मेहनत दिसते हो," ते आपुलकीने म्हणाले. "पण मुलांना सलग काहीतरी लागतं. असं मध्येच बंद पडलं, तर पोरं ओरडायला लागतील."

सरांनी एकदम त्यांच्याकडे वळून मान हलवली. हो, हो. पुन्हापुन्हा हलवली.

"बघा, तुम्हालाही पटतंय," संचालक म्हणाले. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. फिल्मवाल्यांना आजच कळवून टाकतो, सरांनी आता खरं म्हणजे तब्येतीकडे बघावं, असंही ते म्हणाले. सर पाटीवर भराभर काहीतरी लिहू लागले होते. त्या अंधारात ते कुणालाच वाचता आलं नसतं. संचालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला आणि ते चाचपडत दाराकडे गेले. दार उघडलं तेव्हा उजेडाची एक पट्टी रिकाम्या खुर्च्यांवरून सरकली. दार मिटलं.

पाटीवरची पेन्सिल वाजायची थांबली.

आकाश अजून वाट बघत होतं. सरांनी हात खाली घेतला होता, पण ते उठले नव्हते. बाईने दिवे लावायला हवे होते. तिने एकदा बटणाकडे पाहिलं, एकदा सरांच्या पाठीकडे. मग टेबलामागून ती बाहेर आली आणि हाताला लागली त्या खुर्चीत बसली.

"ध्रुव," ती म्हणाली.

शब्द हळू आला होता. माइकने ऐकला की नाही, तिलाच शंका वाटली.

"शाबास," घुमटातून सरांचा आवाज आला, भरदार, खुशीतला. "आता बाकीचे सगळे. एका सुरात."

आणि आकाश पुन्हा थांबलं.