मरेप्पाचा हात

चंद्रावरची भिंत उभी राहिली, तेव्हा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सगळे टाळ्या वाजवत होते. गवंडी मरेप्पा धोत्रे मागच्या खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत होता. तिथे पाणी नाही, म्हणून सिमेंटशिवाय नुसता दगडावर दगड बसवायचा होता. ती रीत यंत्रमानवांना त्यानेच शिकवली होती. दोन वर्षं हातांची हालचाल टिपणारे तारांचे हातमोजे घालून तो रोज भिंती रचत होता.

गर्दी ओसरल्यावर तो प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. केतकी लिमये यांच्याजवळ गेला.

"मॅडम, माझं शिकवायचं झालं. आता नव्या हॉस्टेलच्या कुंपणाचं काम मला द्या. तुम्ही बोलला होता."

केतकीने नजर चुकवली. "काका, ते काम यंत्रमानवच करतायत. कालच सुरू झालं. वरून ठरलं, माझं काही चाललं नाही."

मरेप्पा हॉस्टेलकडे गेला. तिथे एक यंत्रमानव कुंपण रचत होता. प्रत्येक दगडावर तो हातोडी दोनदा हलकेच मारायचा, आवाज ऐकायचा आणि मगच दगड बसवायचा. मरेप्पाला त्याच्या बापाने असंच शिकवलं होतं.

कुठे तरी खोट सापडेल म्हणून त्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली. हात लावून पाहायला तो पुढे झाला, तसा यंत्रमानव थांबला.

"कृपया मागे व्हा," तो म्हणाला. "इथे फक्त प्रशिक्षित कामगारांना प्रवेश आहे."

मरेप्पा मागे झाला. भिंतीत खोट कुठेच नव्हती.