शाळा सोडण्याचे कारण

दाखल्याच्या अर्जात बाकी सगळं भरून झालं आणि शेवटच्या रकान्यापाशी प्रितेशचं पेन अडलं. 'शाळा सोडण्याचे कारण.' रकाना जेमतेम दोन बोटांचा. त्याच्याकडचं कारण त्यात सहज मावलं असतं, पण ते लिहायची लाज वाटत होती.

विरारला इमारती बांधणाऱ्या लोकांना तो रेती-खडी पुरवायचा. त्या सगळ्यांची मुलं हायवेकडच्या नव्या शाळेत. कुणी विचारलं, "आपकी बेटी किस स्कूल में है?" की प्रितेश "इधर ही" म्हणून विषय बदलायचा. गावच्या हायस्कूलचं नाव तोंडातून निघायचं नाही. ह्याच हायस्कूलमधून तो दहावी झाला होता, आणि तोही समोर बसलेल्या मर्सी टीचरांच्या कृपेने. गणितात दोनदा उडाल्यावर त्यांनी त्याला वर्षभर आपल्या घरी बसवून शिकवलं होतं. आता त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांच्या शाळेतून सातवीला पहिली आलेली आपली तेजस्वी तो काढून न्यायला आला होता.

"लिही रे," टीचर म्हणाल्या. "एवढा काय विचार करतोस? पेपर नाहीये तो."

त्याने लिहून टाकलं : 'घर बदलल्यामुळे.'

टीचरांनी अर्ज जवळ घेऊन वाचला आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "फ्लॅट घेतलास? आणि मला सांगितलं नाहीस?"

"विरारला, टीचर. वेस्टला."

"मी तेच म्हणते, पहिली येणारी मुलगी हा का काढतोय! तू काल सांगून गेल्यापासून रात्रभर डोक्यात तेच होतं. म्हटलं, आपलंच काहीतरी कमी पडलं." त्या हसल्या. "घरच लांब गेलं तर तू तरी काय करणार?"

प्रितेशही हसला. सुटलो, असं त्याला वाटलं.

"रंभाला नेतोस ना बरोबर?"

आईचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. टीचर रोज संध्याकाळी चर्चहून घरी जायच्या त्या त्याच्याच दारावरून, आणि त्याची आई त्या वेळी ओट्यावर बसलेली असायची. नेतो म्हणावं, तर खोटं आजच उघडं पडणार.

"आई इथंच राहील," तो म्हणाला. "तिला फ्लॅटमध्ये करमत नाही."

"ह्या वयात? एकटी?"

'टीचर, मी खोटं लिहिलं' असं म्हणायला अजून वेळ होता. पण मग त्यांनी खरं कारण विचारलं असतं. त्यापेक्षा आईला टाकून जाणारा मुलगा झालेलं परवडलं, असं त्याला त्या घडीला वाटलं. त्याने नुसती मान डोलावली.

टीचरांनी सही केली, शिक्का मारला आणि दाखला त्याच्या हातात दिला. "काळजी करू नकोस. मी आहे ना. येता-जाता बघत जाईन तिच्याकडे."

आपण स्वतः त्याच घरात राहतो, हे त्या शहाण्याच्या ध्यानात आलं ते अर्ध्या वाटेवर.

घरी येऊन त्याने बायकोला, रीमाला, आत नेऊन सगळं सांगितलं. रंभा दाराशी भिजवलेले वाल सोलत बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं. "बरा केलास," एवढंच ती म्हणाली आणि सोलत राहिली.

संध्याकाळी ओट्यावरून टीचरांचा आवाज आला. "रंभा, आहेस का गं?"

रीमाने धावत जाऊन टीव्ही बंद केला. तेजस्वी "मर्सी टीचर!" म्हणून दाराकडे निघाली, तर प्रितेशने तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. बापाला असं दाराआड लपलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि ठेवता ठेवता कानांपर्यंत तापला.

"ये गो टीचरबाय, बस," बाहेर जाऊन रंभा म्हणाली.

"बसत नाही. कोलंबीचं कालवण केलं होतं, म्हटलं तुला द्यावं. एकटीसाठी कुठे घाट घालत बसशील? प्रितेश गेला का गं सामान घेऊन?"

"गेला."

"म्हणजे तू एकटीच आता."

"हां बाय," रंभा म्हणाली. "येकटीच हाय."

आईचा तो शांत आवाज ऐकून प्रितेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार उघडून सरळ बाहेर जावं आणि टीचरांचे पाय धरावेत, असं वाटलं. पाऊल मात्र उचललं नाही. त्याने दाराच्या फटीतून बघितलं. टीचर पायरीवर उभ्या होत्या. आपल्या चपला घालायच्या सोडून त्या खाली बघत होत्या. आणि तेव्हा कुठे त्याला आठवलं : पायरीवर त्याची चप्पल होती, रीमाची होती, आणि मधोमध तेजस्वीचे गुलाबी सँडल. एक उलटा पडलेला.

टीचरांनी सावकाश आपल्या चपला घातल्या.

"डब्याची घाई नाही हं, रंभा," त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठा होता, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा तेवढा. "तेजस्वीच्या हातून पाठव."