उपकारस्तुतीची खीर

"सतरंज्या न्हाई, भोंगा न्हाई, पेटी न्हाई," उत्तमराव म्हणाले. "असल्या कामाला चर्चची एकबी वस्तू मिळायची न्हाई."

"सतरंज्या तुमच्या तुमाला लखलाभ," सखुबाई म्हणाली. "मला ते खिरीचं मोठं पातेलं पायजे. ते मीच दिलेलं हाय."

 उत्तमराव मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, चाव्या त्यांच्याकडे, शब्दही त्यांचाच चालायचा. पण पातेलं सखुबाईनं दिलेलं, हे डोंगरकडा गावातल्या सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. त्यांनी कुलूप काढलं आणि बाजूला झाले. हात काही लावला नाही. सखुबाईनं पातेलं डोक्यावर घेतलं आणि भर दुपारी, भर रस्त्यानं घरी आणलं. बघा म्हणावं, ज्याला बघायचं त्यानं.

गोष्ट काही लपलेली नव्हती. काल हिंगोलीच्या कोर्टात निकाल लागला होता. प्रतिक्षाला दोन वर्षांपूर्वी कुऱ्हाडीच्या दांड्यानं अर्धमेली होईस्तोवर मारलं म्हणून, तेव्हापासून कोठडीत असलेल्या तिच्या नवऱ्याला, प्रमोदला, सात वर्षांची सजा झाली. डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकटी सखुबाई. समोरच्या वकिलानं उलटेसुलटे प्रश्न विचारून तिला घाम फोडला, पण बाई शब्दावरून हलली नाही. आणि आज तिनं घरी उपकारस्तुती ठेवली होती.

लेकरू झालं, नोकरी लागली, दुखण्यातून माणूस उठलं, की मंडळी जमवायची, गाणी म्हणायची, देवाचे उपकार मानायचे आणि खीर वाढायची, ही रीत. माणूस तुरुंगात गेला म्हणून खीर, हे कुणी ऐकलं नव्हतं. सकाळपासून चार बायका समजावून गेल्या. सखुबाईनं चौघींनाही चहा पाजला आणि चार वाजता या म्हणून सांगितलं.

"आई, राहू द्या ना," प्रतिक्षा म्हणाली. ती उजव्या हातानं तांदूळ निवडत होती. डावा हात मनगटापासून वळत नव्हता. "लोक काय म्हणतील?"

"दोन वर्षं लोकच बोलून राहिले. आज मी बोलते."

"तुमी कालपासून घासभर खाल्लं न्हाई."

"भूक न्हाई मला. तू गूळ फोड."

चार वाजता पाच माणसं आली. चर्चचे नवे तरुण पाळक रत्नपाल बाजेच्या काठावर बसले, केव्हाही उठता यावं असे. उत्तमरावही आले, पण फाटकातच उभे राहिले.

"आत या की," सखुबाई म्हणाली.

"मी आलेलो न्हाई. काय तमाशा होतो ते बघून राहिलो." मग ते पाळकांकडे वळले. "साहेब, दोन वर्षं मंडळीनं गुडघे टेकून प्रार्थना केली. प्रमोद सुटावा, संसार जुळावा म्हणून. ह्यांच्या लग्नाला साक्षीदाराची सही माझी हाय. अन् आता ह्या बाईच्या खिरीवर तुमी प्रार्थना करनार?"

रत्नपालांनी गाण्याचं पुस्तक उगाच चाळलं. "सखुबाई, देवापुढं कारण काय सांगू?"

"तुमी नका सांगू. मी सांगते."

ती उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला, डोळे मात्र मिटले नाहीत.

"देवा, दोन वर्षांत ह्या घरात एक ताट भिताडावर आपटलं न्हाई. तुझे उपकार. पोरगी रातभर झोपते, दारात गाडी वाजली तरी दचकत न्हाई. तुझे उपकार. परवा तिनं डाव्या हातात लिंबू धरलं. पडलं, पण धरलं. काल सकाळी नळाचं पाणी भरता भरता ती गाणं म्हणत होती. मी मोरीआड उभी राहून ऐकलं. आता सात वर्षं दिलीस. त्याचेबी उपकार. कुणाला आवडो, न आवडो."

कुणी आमेन म्हणेना.  सखुबाई तशीच उभी राहिली. बसायचं नाही, हे तिनं सकाळीच ठरवलं होतं.

"आमेन," शेजारची पंचफुला म्हणाली, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाली. तिच्या नवऱ्यानंही हयातभर हात उचलला होता. तो थांबावा म्हणून मंडळीनं कधी गुडघे टेकले नव्हते. मग रत्नपाल बाजेवरून उठले आणि त्यांनी प्रार्थना केली. पुस्तकात न बघता, पुरती केली.

"काळीज इतकं दगडाचं असू न्हाई, सखुबाई," उत्तमराव फाटकातून म्हणाले. "त्याच्यासाठी एक शब्द तरी बोलायचा."

"त्याच्यासाठी मी रोज बोलते देवाशी. तिथं तुमचं काम न्हाई."

तिनं पहिली वाटी भरली आणि फाटकापर्यंत गेली. "घ्या. गेल्या वेळीबी पहिली वाटी तुमीच घेतली होती."

उत्तमरावांनी वाटी घेतली. पण नजर त्यांची चुलीवरच्या पातेल्यावर गेली आणि तिथंच राहिली. त्यांनी वाटी न उष्टावता भिंतीवर ठेवली, चपला ओढत निघून गेले.

खीर मात्र संपली. पाचांनी दोन-दोन वाट्या खाल्ल्या, पंचफुलानं घरी डबा नेला. माणसं पांगल्यावर सखुबाई मोरीवर पातेलं घासायला बसली. चर्चला वस्तू परत द्यायची तर लख्ख करून द्यायची.

"आई, मी घासते," प्रतिक्षा म्हणाली.

"तू निज जरा."

सखुबाईनं राख घेतली. आधी आतून घासलं, मग बूड, मग बाहेरून. धुराची काजळी निघत गेली, तशी काठाखाली कोरलेली अक्षरं उघडी पडली. तिथं येऊन तिचा हात थांबला. काल कोर्टात न आलेलं पाणी आज तिच्या डोळ्यांत आलं. तिनं ते पुसलं नाही, अंगठ्यानं अक्षरं तेवढी पुसली.

'चि. प्रमोद याच्या जन्माबद्दल देवाची उपकारस्तुती. आई, सखुबाई.'