आठव्या गाण्यातला भुंगा

"पुन्हा आला," म्हणत रेकॉर्डिंग करणाऱ्या एलिसेओने कानांवरचे हेडफोन काढले. "भुंगा."

काचेपलीकडे रोमुलोने गिटार मांडीवर आडवी टाकली. ला पाझच्या 'ग्रानिसो' बँडच्या पहिल्या अल्बमची सात गाणी झाली होती. सगळी दणदणाटाची; मागे काय घुमतंय ते त्यांत कोण ऐकणार? आठवं मात्र नुसत्या गळ्यावर, हळू सुरू व्हायचं, आणि त्या शांततेत तो घूंऽऽ लपत नव्हता. सहा वाजता स्टुडिओ सोडायचा होता. उद्यापासून महिनाभर तिथे साबणाच्या जाहिराती.

"सातच गाण्यांचा काढू या मग," ड्रमवाली निल्दा म्हणाली.

रोमुलोने गिटार पुन्हा उचलून धरली. आठवं गाणं त्याचं होतं.

एलिसेओने सकाळपासून तारा बदलल्या, दिवे घालवले, फ्रिजसुद्धा बंद करून पाहिला. तीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस. पण भुंगा कुठे बसलाय ते काही त्याला सापडेना.

रोमुलोची आई फोर्तुनाता दुपारीच चुन्यो, म्हणजे सुकवलेले बटाटे, आणि तळलेलं चीज घेऊन आली होती. हॅट मांडीवर ठेवून ती कोपऱ्यात बसली होती.

"सुरू करण्याआधी धरणीआईला, पाचामामाला पाजलंत का रे?"

"आई, हा स्टुडिओ आहे."

"आणि हा ऑगस्ट आहे. धरणी तहानेने तोंड उघडून बसलीय, आणि तुम्ही आपले तिच्या उरावर ढोल बडवताय."

"यंत्रांजवळ थेंबही सांडायचा नाही हं," एलिसेओ घाईघाईने म्हणाला.

"तुमच्या यंत्रांना कोण पाजतंय, मास्तर?"

ती मागच्या अंगणात गेली. सगळीकडे सिमेंट, भिंतीलगत तेवढी हातभर उघडी माती. तिथे तिने कोकाची पानं ठेवली, पुटपुटत बिअरची एक बाटली ओतली. मग दुसरी. मग तिसरी.

"मावशी, ती आमच्या पार्टीची आहे!" निल्दा कळवळली.

"आधी तिची पार्टी," म्हणत फोर्तुनाताने चौथी उघडली.

साडेपाचला, आता एवढं शेवटचं म्हणून, एलिसेओने हेडफोन चढवले. आवाज वाढवला. आणखी वाढवला. कानांत फक्त रोमुलोचा श्वास होता. मग गाणं सुरू झालं, आणि ते संपेपर्यंत एलिसेओ जागचा हलला नाही.

संपल्यावर काचेपलीकडे आरडाओरडा सुरू झाला. एलिसेओ मात्र तडक अंगणात गेला आणि उकिडवा बसला. ओल्या मातीतून तांब्याच्या सळईचं टोक डोकावत होतं, आणि तिला बांधलेली तार भिंतीतून आत, थेट त्याच्या यंत्रापर्यंत गेली होती. ती सळई त्यानेच ठोकून घेतली होती.

त्याचा चेहरा उजळला. त्याने फोर्तुनाताला हाक मारली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. यंत्रातला नको तो आवाज या तारेतून जमिनीत जिरतो. ला पाझमध्ये एप्रिलपासून पाऊस नाही. माती ठणठणीत कोरडी पडली की काही जिरत नाही. ओली झाली की जिरतं. "चमत्कार वगैरे काही नाही, बाई. साधं शास्त्र आहे."

फोर्तुनाताने सगळं मान हलवत ऐकून घेतलं. सळईकडे पाहिलं, मग एलिसेओकडे.

"म्हणजे ती कोरडी पडली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली, "आणि एप्रिलपासून घोटभर पाणीसुद्धा पाजलं नाहीत?"