शुद्ध सुशीचा साक्षीदार

सन २००६च्या नोव्हेंबरातील दुसऱ्या गुरुवारी, दुपारी अडीच वाजता, न्यू जर्सीतील आयसेलिन गावी, मोरिता यांच्या अकरा खुर्च्यांच्या उपाहारगृहात त्र्यंबक प्रभुणे याने आपल्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण वृद्ध मोरितांपुढे ठेवले आणि सहीसाठी पेन उघडून दिले.

विषय होता सुशीचा इतिहास. ज्याची मुलाखत घेतली त्याने मजकूर वाचून सही दिल्याखेरीज विद्यापीठ प्रकरण स्वीकारत नसे. मुदत उद्यापर्यंत होती. ती हुकली की आठव्या वर्षी नोंदणीच रद्द होणार होती. त्र्यंबकचे डोळे चुरचुरत होते. तीन आठवडे तो धड झोपला नव्हता.

"काका, करून टाका ना सही," शेजारच्या खुर्चीवरून शरयू म्हणाली. ती मोरितांशी इंग्रजीत बोले, पण त्यांना काकाच म्हणे, आणि सहा वर्षांत त्यांनाही त्याची सवय झाली होती. मग नवऱ्याकडे वळून ती मराठीत म्हणाली, "लोकांचे नवरे प्रोजेक्ट संपवून घरं घेतात, यार. माझा अजून भातातच रुतलाय."

 मोरितांनी पुढे सरकवलेल्या ताटलीतला एकेक तुकडा तोंडात टाकत त्र्यंबक त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

मोरिता सावकाश वाचत होते. प्रकरणाचा युक्तिवाद बांधेसूद होता. आरंभी मासा भातात महिनोन्महिने मुरवीत आणि आंबलेला भात फेकून देत. पुढे तो भातही खाल्ला जाऊ लागला. मग एदो नगरीतल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, फेरीवाल्यांनी भाताच्या मुटक्यावर मासा ठेवला. इथवर परंपरा. त्यानंतर सुशी जगभर गेली, अमेरिकेत भात बाहेर आला, बाहेरचे समुद्रशेवाळाचे वेष्टन आत गेले, मेयोनेझ आले, चीज आले, आणि शुद्ध सुशी संपली. या निष्कर्षाला जिवंत साक्षीदार एकच होता: एकावन्न वर्षे सुशी वळणारे मोरिता.

मोरितांनी चष्मा काढला.

"'ग्राहकाच्या लहरीपुढे जी झुकत नाही तीच खरी सुशी.' हे मी म्हणालो?"

"शब्द माझे आहेत. आशय तुमचा."

"तू काय खातोयस?"

त्र्यंबकने खाली पाहिले. आठांपैकी तीन तुकडे उरले होते. आत काकडी, अ‍ॅव्होकॅडो आणि बियांसकट हिरवी मिरची.

"तू म्हणालास, मासा नको. मी मासा काढला," मोरिता शांतपणे म्हणाले. "म्हणालास, माशाची सुरी नको. मी दुसरी सुरी आणली. मग म्हणालास, मिळमिळीत लागतं. मी मिरची घातली. माझ्या गुरूंनी ही ताटली पाहिली असती तर मला हाकलून दिलं असतं. आता ओक ट्री रोडवरची तुमची भारतीय माणसं खास हिच्यासाठी येतात."

शरयूला हसू आवरले नाही. "सापडलास!"

"माझं वेगळं आहे," त्र्यंबक म्हणाला. "आमच्या घरात सात पिढ्या कोणी मासा खाल्लेला नाही. ही लहर नव्हे, आचार आहे."

"चीज मागणारी बाईही अशीच काहीतरी अडचण सांगते. तिचंही मला पटतं."

त्र्यंबकपाशी याला उत्तर होते. तीन उत्तरे होती. त्यांतले एक तर तळटीपेसह होते. पण त्यांतले कोणतेही त्या ताटलीसमोर उभे राहीना. सात वर्षांचा शीण एकदम खांद्यांत उतरला. त्याने कोपर टेकले आणि, वादासाठी नव्हे तर खरोखर जाणून घेण्यासाठी, प्रथमच विचारले,

"मग सुशी बिघडवली कोणी?"

मोरितांनी पेनाला टोपण लावले, ते कागदांवर आडवे ठेवले आणि सगळे त्याच्याकडे परत सरकवले.

"सुशी बिघडलेलीच नाही," ते म्हणाले. "तुझं प्रकरण चुकलंय."